अकरा नंबरचा डबा

१२ जानेवारी

टिचकीस,

आशीर्वाद नको असतील तर इथून पुढे वाच.

पेपरात तुझा फोटो आलाय. तुझ्या आईने तो कापून फ्रिजच्या दाराला चिकटवला आहे, त्यामुळे मी पाणी प्यायला गेलो की तू माझ्याकडे रोखून बघतेस. फोटोत तुझ्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नुसता लोंबतोय. एवढी प्रकल्पप्रमुख झालीस, पट्टा लावायला माणूस ठेवायचा का आता?

तुझ्या मागे जो उंच मनोरा दिसतो, त्यात सिमेंट कारखान्याचा धूर धुऊन कार्बन वायू वेगळा काढणार, असं खाली लिहिलंय. मग तो दाबून चाळीस किलोमीटर पाइपातून न्यायचा आणि जुन्या वायूक्षेत्रात दीड किलोमीटर खोल कायमचा ठेवायचा. सप्टेंबरात पहिला वायू खाली जाणार. बातमी मी तीनदा वाचली. पहिल्या वेळी चष्मा सापडत नव्हता, ती वेळ धरू नकोस.

आपण बोललो नाही त्याला तीन वर्षं झाली. मावशीच्या नव्या घरी वीस माणसांसमोर मी तुला 'धूर पुरणारी बाई' म्हणालो. कारखानदारांना बिनधास्त धूर ओकता यावा म्हणून तू त्यांना खड्डा खणून देतेस, असंही म्हणालो. सगळे हसले, मावशीचे यजमान सगळ्यांत जोरात. तू ताट खाली ठेवलंस, चपला घातल्यास आणि निघून गेलीस. तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीस. दर रविवारी तू आईशी बोलतेस तेव्हा मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत असतो. पेपर उलटा धरलेला असतो असं ती तुला सांगते, ते धादांत खोटं आहे.

एक साधा प्रश्न होता. त्या क्षेत्रातून आम्ही पूर्वी ज्या विहिरींतून वायू काढायचो आणि नंतर सिमेंट ओतून बुजवल्या, त्यांची यादी तुम्ही केलीच असेल. त्यात अकरा नंबरची विहीर कुठे धरली आहे? सहज विचारतोय. बावीस वर्षं त्या विहिरींत सिमेंट ओतण्यात गेली. माणसाला आठवण येते.

पट्टा लाव.

बाबा


३० जानेवारी

टिचकीस,

उत्तर पोचलं. 'महोदय, आपल्या दिनांक १२ जानेवारीच्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की...' मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिला इतकं हसू आलं की डोळ्यांना पदर लावावा लागला. वर जावक क्रमांकही घातला आहेस! तू या घरात आलीस तेव्हा आम्ही तुला आवक क्रमांक घातला नव्हता, ही चूकच झाली म्हणायची.

तर एकोणीस विहिरी. कागद चोख असलेल्या हिरव्या, शंका असलेल्या पिवळ्या, उघडून पुन्हा बुजवायच्या त्या लाल. आणि अकरा नंबर हिरवी. बरं.

तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी म्हाताऱ्याला बोलू दे. जमिनीखालचा वायू लाखो वर्षं वर आला नाही, कारण त्याच्यावर झाकणाचा खडक होता. आम्ही त्या झाकणाला एकोणीस भोकं पाडली. वायू संपला तेव्हा भोकांत सिमेंटची बुचं मारली आणि घरी गेलो. आता तू त्याच भांड्यात पुन्हा काही भरणार आहेस. म्हणजे सगळा भरवसा बुचांवर.

डबे आठवतात का तुला? दर विहिरीचं सिमेंट कालवलं की त्यातलं थोडं आम्ही पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायचो. खाली एक किलोमीटरवर काय चाललंय ते दिसत नाही, पण वर डब्यातलं घट्ट झालं की खालचंही होतंय असं समजायचं. सकाळी पहिलं काम म्हणजे डब्यात अंगठ्याचं नख रोवून बघणं. नख उमटलं तर थांबायचं, नाही उमटलं तर पुढे. काम संपलं की डबे मी घरी आणायचो, आणि तू खिडकीच्या फळीवर ते ओळीने मांडून एकेकाला टिचकी मारायचीस. टण्. टण्. तुझं नाव पडलं ते तिथूनच. माझ्या हाताखालच्या आठ विहिरी होत्या, सातपासून चौदापर्यंत.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. बूच घट्ट झाल्यावर त्यावर पाइप टेकवून वजन ठेवतात आणि त्याचा तक्ता कागदांना जोडतात. अकरा नंबरच्या कागदांत तो तक्ता आहे का? नसला तर नसू दे, जुने कागद आहेत, उंदरांनी खाल्ला असेल. दुसरं म्हणजे, परवा मी बसने सहज तिकडे फिरायला गेलो होतो. आमच्या वेळी तिथे उघडं माळरान होतं. आता शाळा झाली आहे. आणि शाळेचं मैदान बरोबर त्या खोलगट जागेत आहे, विहिरीच्या डोक्यावर. पोरं लंगडी खेळत होती.

फाटकावरच्या माणसाने विचारलं, "कुणाचे आजोबा?" मी म्हटलं, "अजून कुणाचाच नाही." त्याने मला बाहेर काढलं, ते योग्यच केलं.

बाबा


९ फेब्रुवारी

टिचकीस,

या वेळी थट्टा नाही.

रविवारी तुझा फोन ठेवल्यावर तुझी आई माझ्या खोलीत आली. म्हणाली, "तुम्ही त्या पोरीला कसले प्रश्न विचारताय? ती म्हणत होती, अकराचा तक्ता नाहीच सापडला. नियमाने पिवळी करायला हवी होती. पण खाली बाबांची सही होती. म्हणाली, त्यांच्याशी बोलत नाही म्हणून काय झालं, त्यांची सही म्हणजे सही. माझं प्रगतिपुस्तकसुद्धा तीनदा वाचल्याशिवाय सही करायचे नाहीत."

तीन वर्षं तू माझं तोंड पाहिलं नाहीस, आणि एका शाळेचं मैदान माझ्या सहीवर सोडून दिलंस.

अकरा नंबर बुजलेली नाही.

नीट सांगतो. तुला ठाऊक आहे, सिमेंटच्या कामावर आम्ही साखरेची पोती ठेवायचो. सिमेंट चुकून वर परत आलं आणि टाक्यांत, पाइपांत घट्ट होऊ लागलं तर सगळं लोखंड बाद. साखरेचं पाणी मारलं की ते घट्ट होत नाही, मग धुऊन टाकता येतं. म्हणून दोन टाक्या असायच्या. एकीत सिमेंट कालवायचं साधं पाणी, दुसरीत धुवायचं साखरेचं. त्या दिवशी नळ्या जोडताना अदलाबदल झाली. कुणी केली कोण जाणे. अकरा नंबरचं सिमेंट साखरेच्या पाण्यात कालवलं गेलं आणि हजार मीटर खाली गेलं.

दुसऱ्या दिवशी डब्यात नख रोवलं, तर अख्खा अंगठा आत गेला. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी कागदावर लिहिलं, 'चार टन वजन ठेवले, बूच हलले नाही.' आणि सही केली. वजन मी ठेवलंच नव्हतं. तक्ता सापडणार कुठून?

गेली एकतीस वर्षं काही झालं नाही, कारण खाली वायूच उरला नव्हता. वर ढकलणारं कुणी नव्हतं. पण तू ते क्षेत्र पुन्हा भरणार, दाब पुन्हा चढणार, आणि त्याला वाट सापडेल ती अकरा नंबरचीच. हा वायू हवेपेक्षा जड असतो. खोलगट जागेत साचून राहतो. आणि त्याला ना रंग, ना वास.

तो डबा माझ्याकडे आहे. माळ्यावर, हत्यारांच्या पेटीमागे. तू आठ वर्षांची होतीस तेव्हा फळीवरचे डबे मोजून मला विचारलं होतंस, "बाबा, दहानंतर एकदम बारा? अकरा कुठाय?" मी म्हटलं होतं, "फुटला."

तू यादी दिली आहेस, सही केली आहेस, सप्टेंबरची तारीख पेपरात आली आहे. हे कळवून मी तुझं काय करून ठेवतोय ते मला कळतं. तरी कळवतोय. हे पत्र फाईलला लाव. हवं तर यावर आवक क्रमांक घाल.

बाबा


३ मार्च

टिचकीस,

मीटिंगहून परत आलो. गुडघे सोडले तर बरा आहे.

तू मला बोलावलंस तेही 'महोदय' लिहूनच, आणि गाडी पाठवलीस. खोलीत मी शिरलो तेव्हा तू प्रोजेक्टरच्या वायरीशी खेळत होतीस. दोन तासांत माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. मी मात्र बघत होतो. कानामागचे केस पांढरे झालेत तुझे. तुझ्या आईला मी हे सांगितलेलं नाही.

मला वाटलं होतं, माझी चूक सांगायला पाच मिनिटं लागतील. पण पुढचा तास-दीड तास माझं डोकं गरगरत होतं. एक एक विहीर बुजवणं एवढंच मी केलं आयुष्यभर. तू काय काय डोक्यावर घेऊन उभी आहेस! धूर धुवायला उष्णता लागते, ती कारखान्यातल्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून आणायची. वायूत पाण्याचा अंश राहिला तर त्याचं आम्ल होऊन चाळीस किलोमीटर पाइप आतून खाऊन टाकेल, म्हणून तो आधी कोरडा करायचा. खतांचा कारखाना तुमच्या पाइपात वायू सोडणार होता, तो ऐन वेळी मागे हटला, आता सगळा खर्च एकट्या सिमेंटवाल्यांच्या अंगावर. ते तरी किती दिवस तग धरणार, तर कमी धुराचं सिमेंट जास्त दाम देऊन घेणारं गिऱ्हाईक टिकेल तितके दिवस. आणि बँक पैसे सोडणार विमा झाल्यावर, विमा होणार विहिरींची यादी चोख असल्यावर. शेवटी सगळं घोडं येऊन अडलं ते माझ्या डब्यापाशी.

कारखान्याचे मॅनेजर माणूस वाईट नाहीत. त्यांचा मनोरा तयार आहे, एक एक महिना तो नुसता उभा ठेवणं त्यांना परवडत नाही. म्हणून ते म्हणाले, "कागद तर स्वच्छ आहे. काकांचं वय सत्तर. एकतीस वर्षांपूर्वीची आठवण. माणसाचं चुकूही शकतं." इतक्या आदबीने म्हणाले की क्षणभर मलाही वाटलं, चुकत असेन बुवा. सुटलो असतो.

मग मी पिशवीतून अकरा नंबरचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि नख लावलं. एकतीस वर्षांत वाळला होता, पण धरलेला काही नव्हता. भुसभुशीत भुकटी त्या चकचकीत टेबलावर सांडली. मॅनेजरांनी आपले कागद भुकटीपासून बाजूला ओढून घेतले.

बोललीस ती तू. "यादीवर सही माझी आहे. तक्ता नव्हता, तरी मी विहीर हिरवी केली. ती माझी चूक आहे, यांची नाही." असं म्हणून पेनाने अकरावर तांबडी रेघ मारलीस. टिचकी, मी तिथे शिक्षा घ्यायला आलो होतो. तू माझ्या वाटणीची उचलशील असं डोक्यातच नव्हतं आलं.

विमावाले गृहस्थ डोळे बारीक करून म्हणाले, "मग यांच्या बाकीच्या सात विहिरींचं काय?" त्याचं उत्तरही माझ्या पिशवीत होतं. सातही डबे मी ओळीने मांडले. तू उठलीस, टेबलाला वळसा घालून आलीस, आणि एकेकाला टिचकी मारत गेलीस. टण्. टण्. टण्. सातही वाजले. बँकेच्या बाई हसल्या. विमावाले हसले नाहीत. "हे काही प्रमाण नव्हे," म्हणाले, आणि तू लगेच म्हणालीस, "नव्हेच. अकरा उघडूच. शिवाय सातांतली एक तुम्ही निवडा, तीही उघडून दाखवते." त्यांनी तेरा निवडली.

जाता जाता ते गृहस्थ मला जिन्यात म्हणाले, "एकही चूक न सापडलेली यादी आली की मी ती परत पाठवतो. आता तुमच्या मुलीच्या यादीकडे बघता येईल." तुला सांगितलं नसेल त्यांनी. असली माणसं चांगलं ते जिन्यात बोलतात.

चार महिने मिळाले. सप्टेंबरची तारीख जानेवारीवर गेली, आणि अकरा, तेरा दोन्ही उघडून बुजवून दाखवल्या नाहीत तर बँक हात झटकायला मोकळी. हे सगळं माझ्यामुळे.

आता दोन गोष्टी मीटिंगमध्ये बोललो नाही, त्या इथे लिहितो.

नळ्यांची अदलाबदल 'कुणी केली कोण जाणे' असं मी गेल्या पत्रात लिहिलं. मला चांगलं ठाऊक होतं. नळी मीच जोडली होती. घाई नव्हती, वरून दबाव नव्हता. आठवडाभर थांबून, ते सगळं उपसून पुन्हा सिमेंट मारता आलं असतं. फक्त सांगावं लागलं असतं, की सिमेंटवाल्या उस्तादाने चुकीची नळी लावली. ते सांगायची लाज वाटली. एवढंच कारण.

आणि मावशीच्या घरी. त्या दिवशी ताट वाढल्यावर तू आनंदाने सगळ्यांना सांगत होतीस, की तुला काम मिळालंय आणि क्षेत्र कुठलं, तर तुझ्या बाबांचं जुनं. मी हातातला घास ताटात परत ठेवला. मी म्हणायला हवं होतं, "पोरी, तिथे अकरा नंबर कच्ची आहे." त्याऐवजी मी तुझी टर उडवली. वाटलं, चिडून ते काम सोडशील. तुझं काम फसवं आहे असं मला एक दिवसही वाटलेलं नाही. फसवा होता तो त्या क्षेत्रातला माझा कागद.

हे तुला तीन वर्षं उशिरा सांगतोय. माफी मागतो. कागदावर मागतोय, कारण समोर मागितली असती तर मी रडलो असतो आणि विमावाल्यांनी तेही यादीत घेतलं असतं.

बाबा


२१ जून

टिचकीस,

तू मला अकरा नंबरच्या कामावरून हाकललंस त्याला चार दिवस झाले. उन्हात चक्कर आली म्हणून लगेच गाडीत घालून घरी पाठवायचं? मी पडलो नव्हतो, बसलो होतो. खुर्ची नव्हती एवढंच.

पण त्याआधीचे नऊ दिवस मला मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. मैदान बंद, शाळा सुट्टीवर, आणि तिथे पुन्हा विहीर खणायची रिग उभी. तुझी पोरंपोरी मला 'बूचवाले आजोबा' म्हणतात. त्या फाटकावरच्या माणसाने पहिल्या दिवशी मला ओळखलं. म्हणाला, "आता कुणाचे आजोबा?" मी लांबूनच तुझ्या माणसांकडे बोट दाखवलं. म्हटलं, "यांचा."

बरमा हजार मीटरवर पोचला तेव्हा मी तुझ्या मागे उभा होतो. तिथे बूच असतं तर वजनाचा काटा हलला असता. काटा जागचा हलला नाही. बरमा तसाच खाली उतरत गेला आणि वर आला तो करडा चिखल. माझी मान खाली. वाटलं, आता तू काहीतरी म्हणशील, आणि जे म्हणशील ते ऐकून घ्यायचं. तू वळलीस आणि साडेतीन वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोललीस.

"साखर किती होती?"

"एक पोतं."

"अख्खं?"

"अख्खं."

"एवढ्यात आपल्या घराचा वर्षाचा चहा झाला असता," म्हणालीस, आणि तुला हसू फुटलं. मग त्या पोरांना, मग मलाही. त्या चिखलाच्या ढिगापाशी उभं राहून आपण किती हसलो! त्यानंतर तू परत 'पंप लावा, नोंद घ्या' यात बुडालीस, पण माझ्या जिवात जीव आला होता.

तेरा नंबरच्या बुचाने वजन पेललं. सहा टन ठेवलं, तसूभर हललं नाही. बाकीच्यांना तो निकाल होता, मला मात्र कुणीतरी माझं नाव परत हातात दिल्यासारखं वाटलं.

आणि नळ्या बघितल्या मी. तू गप्पच होतीस त्याबद्दल, म्हणून मीच वाकून बघितलं. धुवायच्या टाकीच्या नळीचं तोंड तू वेगळ्या मापाचं करून घेतलं आहेस. मी जोडून पाहिली. दोनदा पाहिली. ती नळी कालवायच्या टाकीला बसतच नाही. म्हणजे यापुढे कुणी माझ्याइतका शहाणा आला तरी माझी चूक त्याला करता येणार नाही. आमच्या पिढीत हे कुणाला का सुचलं नाही? आम्ही फक्त 'लक्ष ठेव' म्हणून ओरडायचो.

गाडीत बसल्यावर एक हिशेब डोक्यात आला. तूच मीटिंगमध्ये सांगितलंस, की सिमेंटसाठी चुनखडी भाजली की तिच्यातूनच तो वायू निघतो, जळण बदलून भागत नाही. म्हणजे बावीस वर्षं मी जमिनीत जितकं सिमेंट ओतलं, तितका धूर वर गेला. आता माझी मुलगी तो धूर परत खाली घालणार, आणि तो खाली राहावा म्हणून वर पुन्हा सिमेंटच. मला हे आवडलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आता तिला फोन करून हे सगळं पाल्हाळ सांगू नका." मी कशाला करू? तू उचलत नाहीस.

नवं बूच मी गेल्यावर मारलंत. डबा भरून ठेवलात का, एवढं कळव. नख कुणी लावलं तेही.

बाबा


२४ जानेवारी

टिचकीस,

पार्सल आज आलं. आईला वाटलं औषधं आली, तिने ते औषधांच्या खणात ठेवून दिलं. संध्याकाळी खोकं उघडलं तर आत कापसात गुंडाळलेला पत्र्याचा डबा, आणि त्यावर तुझ्या अक्षरात तांबड्या रंगाने 'अकरा'.

सोबतची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. तुझ्याकडे प्रत नसणार, कारण तिला जावक क्रमांक नाही. म्हणून इथे उतरवून काढतो:

'बाबा, तीन डबे भरले होते. सहा महिने प्रयोगशाळेत ते त्याच वायूच्या दाबाखाली, पाण्यात ठेवले. दोन तिथे फोडून तपासले. उत्तम निघाले. विम्याची सही झाली. खतवालेही परत आलेत, म्हणतात आम्हालाही पाइप जोडायचाय. हा तिसरा डबा तुमचा. मी याला अजून टिचकी मारलेली नाही. ती तुम्ही मारा. शुक्रवारी सकाळी दहाला झडप उघडायची आहे. पट्टा लावलाय.'

'महोदय' नाही. मी चिठ्ठी उलटून मागेही बघितलं. कुठेच नाही.

डबा मी खिडकीच्या फळीवर ठेवला, दहा आणि बाराच्या मध्ये. एवढी जागा तिथे एकतीस वर्षं रिकामीच होती. तुझी आई आली, बघून उभी राहिली. म्हणाली, "मारा की टिचकी. लेकीने सांगितलंय ना?"

मी अंगठ्याचं नख रोवलं. सगळा जोर लावला. नख वाकलं, पण खूण उमटली नाही. मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. तुला काय सांगू, सत्तर वर्षांचा बाप्या, डब्याकडे बघून रडत होतो आणि तुझी आई पाठीवरून हात फिरवत होती.

टिचकी मात्र मी मारली नाही. ते काम या घरात माझं कधीच नव्हतं. नख मी लावायचं, टिचकी तू मारायची, अशीच पद्धत होती, ती मोडायचं कारण नाही. शुक्रवारी दहाला झडप उघडणार ना? आम्ही गुरुवारी दुपारच्या बसने निघतोय, दोघंही. डबा घेऊन येतोय. आधी तू तो वाजव, मग झडप उघड.

त्या शाळेची मधली सुट्टी दहाला होते, असं फाटकावरच्या माणसाने मला सांगितलं होतं. म्हणजे तेव्हा पोरं मैदानात असतील. असू देत.

तुझी आई आत्ताच पिशवी भरायला बसली आहे. डब्यावर तिने तुझ्यासाठी विणलेला स्वेटर गुंडाळलाय, वाटेत आपटून फुटायला नको म्हणून. मी म्हटलं, "अगं, आता तो फुटत नाही." तिने तरी गुंडाळलाच.

बाबा